वस्तुमानाचं एकक बदललं आणि उत्तर बिघडलं: काय तपासायचं, कुठे थांबायचं

"सर, सूत्र बरोबर हा, पण उत्तर पुस्तकातल्याशी जुळणा नाय."

देवगडजवळच्या खाडीकाठी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवायला लागल्यापासून हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकत आलो आहे. वही हातात घेतली की सूत्र खरोखरच बरोबर असतं, आकडेही जागच्या जागी असतात. बिघाड असतो तो वस्तुमानाच्या एककात. ग्रॅमचा किलोग्रॅम करायचा राहून गेलेला असतो, किंवा केलेला असतो पण उलट्या बाजूने. मुलाला मात्र वाटतं की आपल्याला भौतिकशास्त्रच जमत नाही. एवढ्याशा दोषापायी धीर सोडलेली चांगली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून ही सगळी तपासणी एकदा नीट लिहून काढतो आहे. घात दाखवायला ^ हे चिन्ह वापरलं आहे. १०^६ म्हणजे दहाचा सहावा घात.

लक्षणं

यातलं काही दिसत असेल तर दोष बहुधा वस्तुमानाच्या एककातच आहे:

– अंक बरोबर, पण दशांशचिन्ह तीन किंवा सहा घरं सरकलेलं.
– उत्तर ३१.६ पटीने मोठं किंवा लहान.
– ९.८ पटीचा फरक.
– २.२ पट, किंवा उलट ०.४५ पट.
– फरक थोडासाच: दीड टक्का, दहा टक्के, सतरा टक्के.
– अणूच्या गणितात १०^२३ किंवा १०^१६ असल्या अचाट पटीचा फरक, नाहीतर वजाबाकीत नेमका ०.५११ चा.
– तीच वस्तू तीनदा मोजली तर तीन वेगवेगळे आकडे.

पहिली तपासणी: भागाकार करून बघा

याला पैसा लागत नाही, अर्धं मिनिट लागतं, आणि निम्मं निदान इथेच होतं. आपलं उत्तर भागिले पुस्तकातलं उत्तर. जो आकडा येईल तो गुन्हेगाराचा ठसा समजा.

हजार आले किंवा एक हजारांश आलं, तर ग्रॅम आणि किलोग्रॅम यांची अदलाबदल झाली आहे. दहा लाख आले तर दोन शक्यता आहेत: मिलिग्रॅम तसाच ठेवला, किंवा गुरुत्वाकर्षणाच्या नियमात दोन्ही वस्तुमानं ग्रॅममध्ये घातली. तिथे दोन वस्तुमानांचा गुणाकार असतो, त्यामुळे हजार गुणिले हजार. ३१.६ आले तर वस्तुमान वर्गमुळाच्या आत बसलेलं आहे, कारण हजाराचं वर्गमूळ ३१.६ आहे. हा शेवटचा ठसा मुलांना ओळखता येत नाही, कारण त्यांना "तीन घरं सरकली" एवढंच शोधायची सवय असते. म्हणून त्याचं उदाहरण पुरतं देतो.

स्प्रिंगला ४०० ग्रॅमचं वजन टांगलं आहे, स्प्रिंगचा स्थिरांक मीटरला १० न्यूटन आहे, दोलनकाल काढा. दोलनकाल म्हणजे २ पाय (π) गुणिले, वस्तुमान भागिले स्थिरांक याचं वर्गमूळ. वस्तुमान ०.४ किलोग्रॅम घेतलं की वर्गमूळ ०.२ येतं आणि दोलनकाल १.२६ सेकंद. मागच्या पावसाळ्यात एका मुलीने ४०० तसंच घातलं, तिला ३९.७ सेकंद आले. मी काही न बोलता खुंटीला स्प्रिंग अडकवली, वजन टांगलं, खाली ओढून सोडलं आणि मोबाइलमधलं घड्याळ तिच्या हातात दिलं. बटण दाबेदाबेपर्यंत वजन वर जाऊन परत खाली आलं होतं. तिने वहीकडे बघितलं, स्प्रिंगकडे बघितलं, आणि ३९.७ ला १.२६ ने भागलं. त्यानंतर ३१.६ हा आकडा ती कुठेही ओळखते.

एक सावधगिरी: ३१.६ आणि ३२.२ यांत गल्लत करू नका. अमेरिकी पुस्तकातल्या उदाहरणात ३२.२ आले तर दोष वेगळा आहे, तिथे पाउंड आणि स्लग मिसळले आहेत. एक स्लग म्हणजे ३२.१७४ पाउंड, सुमारे १४.५९ किलोग्रॅम.

आणि भागाकार २ किंवा ०.५ आला तर एककांच्या मागे लागू नका. गतिज ऊर्जेतला अर्धा विसरलात, किंवा त्रिज्येऐवजी व्यास घातलात. एककांचे ठसे क्वचितच इतके साधे असतात.

दुसरी तपासणी: काट्यावरचं बारीक अक्षर

आकडा पुस्तकातून न येता काट्यावरून आला असेल, तर गणिताआधी काट्याच्या पडद्यावरचा कोपरा बघा. हल्ली दोनतीनशे रुपयांत मिळणाऱ्या खिशातल्या काट्यांना एकक बदलायचं बटण असतं. ग्रॅमवरून बोट चुकून औंस, कॅरट, ग्रेन यांवर जातं. कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणून आकडा पाचपट दिसतो. ग्रेनवर गेला तर साधारण १५.४ पट दिसतो, आणि ग्रॅम व ग्रेन यांची पडद्यावरची खूण इतकी सारखी असते की चष्मा असलेल्या माणसालाही फसवते. मी स्वतः एकदा पाऊण तास मुलांच्या वहीत चूक शोधत होतो. चूक काट्याच्या बटणात होती.

त्याच वेळी रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर घेतला होता का, तेही आठवा.

तिसरी तपासणी: प्रत्येक आकड्याशेजारी एकक लिहा

ही सगळ्यांत कंटाळवाणी तपासणी आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचीही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकही आकडा एकटा सोडायचा नाही. मुलं सूत्र लिहितात, किमती घालतात, आणि एकक थेट शेवटी चिकटवतात. मधल्या तीन ओळींत काय झालं, हे मग त्यांनाही सांगता येत नाही.

हापूस घ्या. अडीचशे ग्रॅमचं फळ आठ मीटर उंचीवरच्या डहाळीवरून सुटलं. जमिनीवर पोचताना ऊर्जा किती? वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची. एककं न लिहिता केलं की २५० × ९.८ × ८ = १९६००, आणि शेवटी "ज्यूल". एककं लिहिली की दुसऱ्याच ओळीत ग्रॅम हा शब्द डोळ्यांत खुपतो. ज्यूल हे किलोग्रॅम, मीटर आणि सेकंद यांचंच बनलेलं आहे, त्यात ग्रॅमला जागा नाही. ०.२५० किलोग्रॅम × ९.८ × ८ = १९.६ ज्यूल, हे खरं उत्तर.

१९६०० ज्यूल म्हणजे किती, हेही मुलांना समजावं म्हणून सांगतो. तेवढी ऊर्जा पन्नास किलोची गोण चाळीस मीटर वर चढवायला लागेल. एका आंब्यात तेवढी असती तर झाडाखाली झेल्यातून (आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीतून) चुकून सुटलेली फळं गोळा करायला कोण गेलं असतं? उत्तर लिहिल्यावर ते ओळखीच्या वस्तूशी ताडून बघायची सवय लागली की बऱ्याच चुका पुस्तकाचं शेवटचं पान उघडायच्या आधीच सापडतात.

चौथी तपासणी: गुणायचं की भागायचं

ग्रॅमवरून किलोग्रॅमवर जाताना हजाराने भागायचं, हे सहावीपासून पाठ असतं. घाईत मात्र हात उलटा वळतो. पाठांतराऐवजी अपूर्णांक वापरा. १ किलोग्रॅम आणि १००० ग्रॅम ही एकच राशी असल्यामुळे "१ किलोग्रॅम छेद १००० ग्रॅम" या अपूर्णांकाची किंमत एक आहे. एकाने गुणल्याने काहीच बदलत नाही, फक्त पोशाख बदलतो. अपूर्णांक असा मांडायचा की नको असलेलं एकक वर-खाली कटून जाईल. कटलं नाही तर अपूर्णांक उलटा मांडला आहे. इथे आठवणीवर भिस्त नाही, म्हणून परीक्षेच्या ताणातही ही रीत टिकते. पडताळा म्हणून एवढं ध्यानात असू द्या: एकक मोठं झालं की आकडा लहान व्हायला हवा.

आता एक खाच, जिच्यात चांगले विद्यार्थीही पडतात. मिली म्हणजे एक हजारांश, हे बरोबर. पण मिलिग्रॅम हा ग्रॅमचा हजारांश आहे, किलोग्रॅमचा नाही. भौतिकशास्त्रातलं मूळ एकक किलोग्रॅम आहे, आणि सात मूळ एककांपैकी नावातच उपसर्ग घेऊन बसलेलं हे एकटंच. म्हणून मिलिग्रॅम म्हणजे १०^-६ किलोग्रॅम, मायक्रोग्रॅम म्हणजे १०^-९ किलोग्रॅम. मीटर, सेकंद, अँपिअर यांत मायक्रो म्हणजे १०^-६ हे सरळ चालतं, आणि तीच सवय इथे घात करते.

असं का झालं, हे सांगितलं की मुलं विसरत नाहीत. १७९५ साली फ्रान्समध्ये ग्रॅम ठरला तो एक घन सेंटिमीटर पाण्यावरून. पण एवढंसं वजन व्यवहारात प्रमाण म्हणून जपणं अवघड, म्हणून १७९९ मध्ये प्लॅटिनमचं प्रमाण वजन घडवलं ते हजारपट, एका किलोग्रॅमचं. १८८९ मध्ये प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल आंतरराष्ट्रीय प्रमाण झाला. त्याची ५७ क्रमांकाची प्रत भारताकडे आहे, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम त्या दंडगोलावर अवलंबून नाही; प्लांकच्या स्थिरांकाची किंमत ६.६२६०७०१५ × १०^-३४ ज्यूल-सेकंद अशी कायमची ठरवून त्यावरून तो ठरतो. नाव मात्र जुनंच राहिलं, आणि त्याबरोबर ही खाचही.

घनतेत अशीच चूक दुहेरी होते. आपल्या किनाऱ्यावर, रत्नागिरीकडे तर खूपच, काळी वाळू सापडते. तिच्यातलं इल्मेनाइट हे खनिज साध्या वाळूपेक्षा जड. प्रयोगात त्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ४.७ ग्रॅम निघाली, तर दर घन मीटरला किती किलोग्रॅम? मुलं ग्रॅमचा किलोग्रॅम करतात आणि ०.००४७ लिहून मोकळी होतात. खालचा घन सेंटिमीटर तसाच राहतो. तो १०^-६ घन मीटर आहे. १०^-३ भागिले १०^-६ म्हणजे हजार, उत्तर ४७००. शंका आली तर समुद्राचं पाणी आठवा: दर घन मीटरला साधारण १०२५ किलोग्रॅम. नेहमीच्या खडकाची किंवा खनिजाची घनता त्याहून कमी आली, तर वही परत उघडा.

पाचवी तपासणी: वस्तुमान की वजन

९.८ चा ठसा आला की दोष आपल्या रोजच्या बोलण्यात असतो. बाजारात आपण विचारतो, "सुरमईचं वजन किती?" आणि उत्तर येतं, "दोन किलो." बाजारासाठी हे अगदी योग्य आहे. भौतिकशास्त्रात मात्र दोन किलो हे वस्तुमान, आणि वजन म्हणजे पृथ्वी त्या सुरमईला ज्या बलाने खाली ओढते ते: १९.६ न्यूटन. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं अकरावीत इंग्रजी पुस्तकाकडे वळतात, तेव्हा "वजन" हा एक शब्द दोन शब्दांच्या जागी बसवतात. दोष मुलांचा नाही. पण उपाय त्यांनाच करायचा आहे.

प्रश्नातलं बल, ताण, दाब किंवा घर्षण वस्तूच्या वजनामुळे येत असेल तर किलोग्रॅमचा न्यूटन करावाच लागतो. ऊर्जा, संवेग किंवा घनता असेल तर किलोग्रॅम तसाच जातो. "किलोग्रॅम-बल" असं छापलेलं दिसलं तर ते वस्तुमान नव्हे, ९.८०६६५ न्यूटन.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. दोन पारड्यांचा तराजू वस्तुमानाची तुलना करतो. तो चंद्रावर नेला तरी दोन किलोची मासळी दोन किलोच भरेल. स्प्रिंगचा आणि इलेक्ट्रॉनिक काटा मात्र बल मोजतो आणि त्यावरून किलोग्रॅम दाखवतो. सातव्या तपासणीत याचा उपयोग होईल.

सहावी तपासणी: नाव तेच, एकक वेगळं

फरक थोड्या टक्क्यांचा असेल तर इथे शोधा. टन तीन आहेत. मेट्रिक टन १००० किलोग्रॅम. ब्रिटिश लाँग टन २२४० पाउंडांचा, म्हणजे १०१६ किलोग्रॅम. अमेरिकी शॉर्ट टन २००० पाउंडांचा, ९०७ किलोग्रॅम. औंस दोन: साधा २८.३५ ग्रॅम, सोन्याचांदीचा ट्रॉय औंस ३१.१० ग्रॅम. दहा टक्क्यांचा ठसा आला की यांची अदलाबदल झाली आहे. तोळ्याचंही तसंच: जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आणि हल्ली बोलताना दहा ग्रॅमलाही तोळाच म्हणतात. तो सतरा टक्क्यांचा ठसा. पाउंड मात्र आता एकच धरा, नेमका ०.४५३५९२३७ किलोग्रॅम.

आपल्याकडे सगळ्यांत फसवा शब्द शेर. वजनाचा पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅम. असे चाळीस शेर म्हणजे एक मण, ३७.३ किलोग्रॅम. पण कोकणात भात मोजतात तो शेर मापाचा. दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली. ते भांडं आहे, त्यात आकारमान मोजलं जातं. त्याच पायलीत भात भरला तर एक वस्तुमान, तांदूळ भरला तर दुसरं, कारण भाताच्या टरफलात हवा असते. एका मुलाने आजोबांच्या जुन्या वहीतली मापं घेऊन प्रकल्प केला होता आणि पायलीचे थेट किलो केले होते. मी त्याला घरची पायली आणायला सांगितली. एकदा भात भरून तोलला, एकदा तांदूळ. दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहिल्यावर त्याने स्वतःहून तक्त्यात नवा स्तंभ आखला: "कशाने भरली". खंडीचा हिशेब तर गावागणिक बदलतो. जुन्या कागदांत खंडी दिसली की त्या गावचं प्रमाण कळल्याशिवाय किलोग्रॅम लिहूच नये.

किनाऱ्यावरच्या मुलांसाठी आणखी एक. जहाजाची "ग्रॉस टनेज" म्हणजे त्याचं वस्तुमान नव्हे. तो जहाजातल्या बंदिस्त जागेच्या आकारमानावरून काढलेला आकडा आहे. तरणशक्तीच्या गणितात तो घातला की उत्तर भलतीकडे जातं. तिथे विस्थापन हवं, म्हणजे जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वस्तुमान.

पाउंड आणि किलो यांची गल्लत (२.२ किंवा ०.४५ चा ठसा) किती महागात पडू शकते, याचं उदाहरण मी वर्गात दर वर्षी फळ्यावर सोडवून दाखवतो. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं १४३ क्रमांकाचं उड्डाण. कॅनडा तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे वळत होता. विमानाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवं होतं, टाक्यांत ७,६८२ लिटर शिल्लक होतं. लिटरचे किलोग्रॅम करायला ०.८ च्या आसपासचा गुणक हवा होता. वापरला गेला १.७७, जो लिटरचे पाउंड करण्याचा आहे. ७,६८२ × १.७७ = १३,५९७. हे पाउंड होते, समजले गेले किलोग्रॅम. म्हणून फक्त ४,९१७ लिटर भरले. भरायला हवे होते सुमारे २०,०००. विमानाची दोन्ही इंजिनं आकाशात बंद पडली. वैमानिकांनी ते इंजिनांशिवाय तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या हवाई तळाच्या धावपट्टीवर उतरवलं आणि सगळे वाचले. भागाकार, गुणाकार, बेरीज सगळं बरोबर होतं. १.७७ च्या शेजारी एकक लिहिलेलं असतं तर चूक तिथल्या तिथे दिसली असती.

अणूच्या गणितातली तपासणी

ही बारावीच्या मुलांसाठी, आणि जरा अवघड. इथे एकाच वस्तुमानाचे तीन पोशाख चालतात: किलोग्रॅम, अणुवस्तुमान एकक (आम्ही वर्गात नुसतं "यू" म्हणतो), आणि ऊर्जेच्या भाषेतलं एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट) भागिले प्रकाशवेगाचा वर्ग.

एक यू म्हणजे कार्बन-१२ च्या एका अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग, १.६६०५४ × १०^-२७ किलोग्रॅम. त्याला प्रकाशवेगाच्या वर्गाने, ८.९८७५५ × १०^१६ ने, गुणलं की १.४९२४ × १०^-१० ज्यूल. एक एमईव्ही म्हणजे १.६०२१८ × १०^-१३ ज्यूल. भागाकार ९३१.४९४. हा आकडा पाठ करण्याआधी एकदा तरी हाताने काढा. मग मधली पायरी गळली तर कुठली गळली ते कळतं. १०^१६ च्या आसपासचा ठसा आला तर प्रकाशवेगाचा वर्ग राहिला. १०^-१३ च्या आसपास आला तर ज्यूल आणि एमईव्ही मिसळले. ६ × १०^२३ आला तर एका अणूचं वस्तुमान आणि एका मोलचं, म्हणजे तेवढ्या अणूंचं, वस्तुमान यांत गोंधळ झाला. सोडियमचा अणू २३ यू, सोडियमचा मोल २३ ग्रॅम: आकडा तोच, म्हणून डोळा फसतो.

आता ०.५११ चा ठसा. ड्यूटेरॉनची, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांच्या केंद्रकाची, बंधनऊर्जा (त्यांना बांधून ठेवणारी ऊर्जा) काढायची आहे. प्रोटॉन १.००७२७६ यू, न्यूट्रॉन १.००८६६५ यू, बेरीज २.०१५९४१. ड्यूटेरॉनचं केंद्रक २.०१३५५३. फरक ०.००२३८८ यू, गुणिले ९३१.४९४, उत्तर २.२२४ एमईव्ही. पण तक्त्यात बहुधा केंद्रकाऐवजी ड्यूटेरियमच्या अख्ख्या अणूचं वस्तुमान दिलेलं असतं, २.०१४१०२. मुलं तेच उचलतात आणि १.७१३ काढतात. दोन उत्तरांची वजाबाकी करा: ०.५११. हे इलेक्ट्रॉनचं वस्तुमान आहे, एमईव्हीच्या भाषेत. अणूत एक इलेक्ट्रॉन जास्त होता, तो वजा करायचा राहिला. म्हणजे दोन्ही बाजूंना अणू घ्या किंवा दोन्ही बाजूंना केंद्रकं घ्या, मिसळू नका.

आणि इथे दशांशस्थळं वाचवू नका. वरचीच वस्तुमानं १.००७, १.००९ आणि २.०१४ अशी घेतली तर फरक ०.००२ उरतो आणि उत्तर १.८६ येतं. मोठ्या दोन आकड्यांमधून छोटा फरक काढायचा असतो तेव्हा सहावं दशांशस्थळही कामाचं असतं.

सातवी तपासणी: काटाच बिघडला आहे का

वरचं सगळं निर्दोष निघालं आणि तरी आकडे डुलत असतील, तर गणित बाजूला ठेवून काट्याकडे वळा. आधी तो सपाट, न हलणाऱ्या टेबलावर आहे का, पातळीचा बुडबुडा मधोमध आहे का, वर पंखा चालू आहे का, हे बघा. खिडकीतून येणारा खारा वारा शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्याला सहज हलवतो. पारड्याखाली साचलेलं मीठ आणि गंज यांनीही फरक पडतो. कोरड्या मऊ कापडाने पुसा, पाणी वापरू नका.

मग ओळखीची वस्तू ठेवा. प्रमाण वजन नसेल तर मापनळीने १०० मिलिलिटर स्वच्छ पाणी घ्या. आपल्याकडच्या तीस अंशाच्या हवेत ते ९९.६ ग्रॅम भरायला हवं. एवढ्यावर काटा खरा की खोटा ते ढोबळमानाने कळतं.

पावसाळ्यात आणखी एक. जुलैमधल्या एका प्रयोगात मुलं सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या तोलत होती. आकडा ४.०२, मग ४.०३, मग ४.०५ असा वर चढत होता, आणि एक मुलगा काट्यावर थापट्या मारत होता. काटा निर्दोष होता. गोळ्या डोळ्यांदेखत हवेतलं बाष्प ओढून ओल्या चकचकीत होत होत्या. अशा पदार्थाला झाकणाची बाटली घ्या आणि झटपट तोला.

किलोमागे दोन-तीन ग्रॅमचा ठरावीक कमीपणा दिसत असेल आणि काटा युरोपात जुळवलेला असेल, तर कारण गुरुत्वाकर्षणात आहे. पृथ्वीची ओढ विषुववृत्तापाशी सर्वांत कमी आणि ध्रुवांकडे जास्त असते: ९.७८ ते ९.८३. बल मोजणारा काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाण वजन ठेवून जुळवावा लागतो. जुळवणीचं बटण आणि योग्य वर्गाचं प्रमाण वजन दोन्ही असेल तरच हे स्वतः करा.

इथे थांबा

काटा उघडू नका. आतला लोडसेल, म्हणजे बल मोजणारा भाग, पातळ धातूचा असतो, स्क्रूड्रायव्हरचा एक चुकीचा दाब त्याला कायमचा वाकवतो. प्रयोगशाळेचा काटा प्रमाण वजनाशीही जुळत नसेल तर तो मान्यताप्राप्त जुळवणी प्रयोगशाळेकडे पाठवा. विक्रीसाठी वापरला जाणारा काटा असेल, मग तो मासळीचा असो, काजूगराचा की सोन्याचा, तर त्याच्या सीलला हातही लावू नका. ते काम वैध मापन शास्त्र यंत्रणेच्या निरीक्षकांचं आणि परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्यांचं आहे.

औषधाच्या मात्रेत मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांचं रूपांतर घरी करू नका, तुम्ही भौतिकशास्त्रात कितीही पक्के असलात तरी. हजारपटीची चूक वहीत खोडता येते, पोटात गेल्यावर नाही. डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना फोन करा आणि चिठ्ठीवरचं एकक त्यांच्याकडून वाचून घ्या.

विद्यार्थ्यांसाठी माझी मर्यादा साधी आहे. भागाकाराचा आकडा वरच्या कुठल्याच ठशाशी जुळत नसेल, आणि एककं लिहून दोनदा सोडवूनही उत्तर तेच येत असेल, तर तिसऱ्यांदा बसू नका. दोष एककात नाही; संकल्पनेत आहे किंवा पुस्तकाच्या छपाईत. शिक्षकांकडे जा. जाताना खोडलेली पानं फाडू नका, सोबत घ्या. दोन्ही वेळची रीत एककांसकट असू द्या, आणि वरच्या कोपऱ्यात तो भागाकार लिहिलेला असू द्या.